औषधामुळे व्यसन लागते का? कर्ट कोबेनच्या आयुष्याचा धडा

मूल एका जागी बसत नाही, वर्गात त्याचे लक्ष नसते, गृहपाठ अर्धवट राहतो, शाळेतून तक्रारी संपत नाहीत. तपासणीनंतर डॉक्टर ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, असे निदान सांगतात आणि गोळी सुचवतात. त्यावर आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : या गोळीची सवय लागेल का? मोठा झाल्यावर मुलगा नशेच्या मागे लागेल का?

प्रश्न रास्त आहे. हे औषध मेंदूला उत्तेजना देणाऱ्या गटातले आहे आणि आपल्याकडच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही त्याचे नाव आहे. या प्रश्नावर बोलताना जगभर एका माणसाचे उदाहरण पुन्हापुन्हा दिले जाते. तो म्हणजे अमेरिकी गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेन. लहानपणी त्याला हे औषध दिले गेले, तरुणपणी तो हेरॉइनच्या आहारी गेला आणि वयाच्या २७ व्या वर्षी हे जग सोडून गेला. एवढेच सांगितले, की निष्कर्ष आपोआप निघतो. पण त्याचे आयुष्य क्रमाने पाहिले, तर तो निष्कर्ष तितका सरळ राहत नाही.

पावसाळी गावातला पोर

कर्टचा जन्म २० फेब्रुवारी १९६७ चा. गाव अ‍ॅबरडीन, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यातले. भरपूर पाऊस, आजूबाजूला जंगल आणि लाकूडतोडीवर जगणारी वस्ती. पुढे लाकडाचा धंदा बसत गेला तशी गावात बेकारी आणि दारू वाढली. वडील डोनाल्ड मोटार मेकॅनिक होते. आई वेंडी घर सांभाळत असे. कर्ट थोरला, त्याच्या पाठीवर एक बहीण.

घरात पैसा बेताचा होता, पण गाणे भरपूर होते. मावशी मारी गिटार वाजवून गात असे, मामा एका बँडमध्ये वाजवत असे. कर्ट दोन-तीन वर्षांचा असल्यापासून बीटल्सची गाणी म्हणायचा. चित्रे तर इतकी चांगली काढायचा, की घरातल्या वडीलधाऱ्यांना नवल वाटे. लाघवी, बडबड्या, सगळ्यांचा लाडका मुलगा. फक्त एकच तक्रार होती, तो थांबत नसे. त्याच्या अंगातला उत्साह घरात मावत नव्हता आणि वर्गात तर मुळीच नाही.

तो दुसरीत असताना पालक आणि शिक्षिकांनी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे आधी आहाराकडे लक्ष गेले. १९७३ च्या सुमारास बेंजामिन फाइनगोल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी खाण्यातल्या कृत्रिम रंगांमुळे मुले अतिचंचल होतात असा सिद्धांत मांडला होता आणि तो घरोघरी पोहोचला होता. कर्टच्या खाण्यातून लाल रंग गेला. फरक पडला नाही, म्हणून साखर कमी केली. तरीही फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरांनी ‘रिटालिन’ लिहून दिले.

साखरेच्या बाबतीत पुढे काय सिद्ध झाले, तेही इथेच सांगायला हवे, कारण ही समजूत आजही आपल्या घरांत पक्की आहे. १९९४ आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर अभ्यासांत, मुलांना किंवा पालकांना कळू न देता साखर आणि साखरेसारखी गोड लागणारी दुसरी वस्तू देऊन पाहिली गेली. मुलांच्या वागण्यात फरक आढळला नाही. साखर कमी खाणे दातांसाठी आणि वजनासाठी चांगले, पण त्याने अतिचंचलता बरी होत नाही. कृत्रिम रंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम होतो असे नंतरच्या अभ्यासांत दिसले, पण तो किरकोळ आहे.

रिटालिन कुठून आले?

या औषधाची कथा कर्टच्या जन्माआधी तीस वर्षे सुरू होते. १९३७ साली अमेरिकेतल्या ईस्ट प्रॉव्हिडन्स शहरात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांचे रुग्णालय सांभाळत होते. त्या काळी मेंदूची प्रतिमा घेण्यासाठी पाठीतून पाणी काढावे लागे आणि मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही. पण ३० पैकी १४ मुलांचे शाळेच्या कामात असे काही लक्ष लागू लागले, की ब्रॅडलींनी त्यावर शोधनिबंध लिहिला.

पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केले. पत्नी मार्गरीट हिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून त्याने औषधाला रिटालिन हे नाव दिले. १९५० च्या दशकात ते बाजारात आले. साठ-सत्तरच्या दशकांत अतिचंचल मुलांसाठी त्याचा वापर वाढला.

आधीच चळवळ्या असलेल्या मुलाला उत्तेजक औषध देऊन तो शांत कसा होतो, हे कोडे अनेकांना पडते. मेंदूच्या पुढच्या भागात लक्ष टिकवणारी, घाईला लगाम घालणारी यंत्रणा असते. तिला डोपामिन आणि नॉरएड्रिनलिन ही रसायने पुरेशी लागतात. एडीएचडी असलेल्या मुलांत ही यंत्रणा पुरेशी कामाला लागत नाही. योग्य मात्रेत दिलेले औषध तिला कामाला लावते. म्हणजे मूल गुंगीने शांत होत नाही, त्याचा स्वतःवरचा ताबा वाढतो.

कर्टच्या बाबतीत हे किती घडले, हे सांगणे अवघड आहे. चरित्रकाराच्या नोंदीनुसार त्याने हे औषध तीनच महिने घेतले. कर्ट स्वतः मोठेपणी सांगत असे, की गोळीमुळे पहाटेपर्यंत झोप येत नसे, म्हणून झोपेचे औषध दिले जाई आणि मग शाळेत डुलक्या येत. भूक मंदावणे आणि झोप उडणे हे या औषधाचे खरोखरचे दुष्परिणाम आहेत. आज असे झाले, तर मात्रा कमी केली जाते, गोळीची वेळ बदलली जाते किंवा दुसरे औषध निवडले जाते. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी देण्याआधी हे करायचे असते.

घर मोडले

१९७६ साली, कर्ट नऊ वर्षांचा असताना, आई-वडिलांचा घटस्फोट झाला. पुढच्या आयुष्यात तो या घटनेबद्दल सतत बोलत राहिला. त्याची बहीण आणि मावशी, मित्र, चरित्रकार, सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे : हसरा, बडबड्या मुलगा या घटनेनंतर मिटला. त्याला इतर मुलांपुढे आपल्या घराची लाज वाटू लागली.

आधी तो वडिलांकडे राहायला गेला. सुरुवातीला बाप-लेकाचे बरे चालले. मग वडिलांनी दुसरे लग्न केले आणि आपण परके झालो असे त्याला वाटू लागले. चिडचिड, हट्ट, उलट बोलणे वाढले. तिथून त्याची रवानगी कधी आजी-आजोबांकडे, कधी काका-मामाकडे, कधी पुन्हा आईकडे होत राहिली. कोणत्याच घरात त्याचे पाय टिकले नाहीत. याच काळात त्याच्या वडिलांच्या दोन काकांनी काही वर्षांच्या अंतराने आत्महत्या केली. नैराश्याची कौटुंबिक पार्श्वभूमी मागे होतीच.

एडीएचडी असलेल्या मुलाला सर्वांत जास्त कशाची गरज असते, तर ठरलेल्या दिनक्रमाची, न बदलणाऱ्या माणसांची आणि चुकल्यावरही दाराबाहेर न काढणाऱ्या घराची. कर्टच्या वाट्याला नेमके याच्या उलट आले. यात कुणा एकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. आई-वडील स्वतःच विशी-तिशीतले होते, गोंधळलेले होते आणि मदत करणारी यंत्रणा त्या गावात फारशी नव्हती.

गिटार आणि गांजा

चौदाव्या वाढदिवसाला मामाने विचारले, सायकल हवी की गिटार? कर्टने गिटार मागितली. अभ्यासात न लागणारे लक्ष गिटारवर तासन्‌तास लागू लागले. एडीएचडीबद्दलचा एक मोठा गैरसमज इथे दूर व्हावा. ‘मोबाइलवर दोन तास बसतो, मग अभ्यासातच लक्ष कसे लागत नाही?’ असे पालक विचारतात. या विकारात लक्ष अजिबात नसते असे नाही. ते हवे तिथे वळवता येत नाही. आवडत्या गोष्टीत मूल बुडून जाते आणि कंटाळवाण्या गोष्टीपुढे हतबल होते.

गिटारच्या आसपासच गांजाही आला. तेरा-चौदाव्या वर्षी सुरू झालेला गांजा लवकरच रोजचा झाला. दारू होती, मिळेल त्या गोळ्या होत्या. शाळेत गैरहजेरी वाढत गेली. १९८५ साली, पदवीदान समारंभाला काहीच आठवडे उरले असताना, पुरेसे गुण जमणार नाहीत हे लक्षात आल्यावर त्याने शाळा सोडली. पुढे त्याच शाळेत त्याने सफाई कामगाराची नोकरी केली. आईने घराबाहेर काढल्यावर मित्रांच्या घरी, आसरा मिळेल तिथे तो झोपला.

हा क्रम डॉक्टरांना चांगलाच परिचयाचा आहे. घाईने निर्णय घेणारा मेंदू, शाळेतले अपयश, घरातला ताण, वाया गेलेला मुलगा हा शिक्का, मग असाच शिक्का बसलेल्यांची सोबत आणि त्या सोबतीत मिळणारी पहिली सिगारेट. २०११ साली, मुलांचा बालपणापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्या मुलांत पुढे तंबाखूचे व्यसन, तसेच दारू, गांजा, कोकेन यांच्या आहारी जाण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा साधारण दीडपट ते पावणेतीनपट आढळली. म्हणजे धोका आहे, आणि तो खरा आहे. मात्र तो विकाराबरोबर येतो. औषधामुळे तो वाढतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यात भांडखोरपणा, चोरी, पळून जाणे अशा वर्तनाच्या गंभीर तक्रारी जोडीला असतील, तर तो आणखी वाढतो.

कीर्ती आणि वेदना

१९८७ साली कर्ट आणि त्याचा मित्र क्रिस्ट नोव्होसेलिक यांनी ‘निर्वाणा’ हा बँड उभा केला. १९८९ साली पहिला अल्बम ‘ब्लीच’ आला, त्याच्या ध्वनिमुद्रणाला जेमतेम सहाशे डॉलर लागले. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ आला आणि काही महिन्यांतच, जानेवारी १९९२ मध्ये, त्याने अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत मायकेल जॅक्सनला मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. पुढे त्याच्या जगभर तीन कोटींच्या घरात प्रती खपल्या. सफाईची कामे करणारा मुलगा चोविसाव्या वर्षी एका पिढीचा आवाज ठरला. त्याला हे बिरुद मुळीच आवडत नसे.

हेरॉइन त्याने पहिल्यांदा १९८६ च्या सुमारास घेतले होते. ते अधूनमधून होते. १९९१ नंतर ते रोजचे झाले. आपण ते का घेतो याचे त्याच्याकडे एक उत्तर होते : पोटदुखी. कित्येक वर्षे त्याच्या पोटात आग पडल्यासारख्या कळा येत. अनेक डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, ठाम निदान झाले नाही. हेरॉइनने कळ थांबते, असे तो सांगे. यात तथ्य असणार, कारण हेरॉइन हे अफूच्याच कुळातले आहे आणि अफूजन्य पदार्थ वेदना शमवतात. पण हेच पदार्थ आतड्यांची हालचाल मंदावतात, दीर्घकाळ घेतल्यास पोटदुखी वाढवतात आणि थांबवले की पोटात मुरडा येतो. दुखते म्हणून घेणे आणि घेतल्यामुळे दुखणे, या चक्रात माणूस अडकतो.

त्यात मनाचे दुखणे होते. परिचारिका असलेल्या त्याच्या एका चुलत बहिणीने नंतर लिहिले, की लहानपणी त्याचे अवधान-कमतरतेचे आणि मोठेपणी द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचे, निदान झाले होते. त्यावर सातत्याने उपचार झाल्याचे मात्र दिसत नाही.

फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याने गायिका कोर्टनी लव्हशी लग्न केले. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. मुलीवर त्याचा फार जीव होता. तिच्यासाठी त्याने अनेकदा हेरॉइन सोडायचा प्रयत्न केला. व्यसनमुक्ती केंद्रात काही दिवस जायचे, अंगातले विष उतरायचे, बाहेर पडायचे आणि काही आठवड्यांत पुन्हा सुरुवात, असे होत राहिले. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे सोपे आहे, पण ते चूक आहे. काही दिवसांत शरीर हेरॉइनविना राहायला शिकते, मेंदूला मात्र महिने आणि वर्षे लागतात. मधल्या काळात आधार देणारी औषधे आता आहेत. मेथाडोन तेव्हाही होते. ब्युप्रेनॉर्फिनला अमेरिकेत व्यसनाच्या उपचारासाठी मान्यता मिळाली ती २००२ साली. अशा औषधांमुळे अतिमात्रेने होणारे मृत्यू लक्षणीय कमी होतात.

मार्च १९९४ मध्ये रोममध्ये झोपेच्या गोळ्या आणि मद्य एकत्र घेतल्याने तो बेशुद्ध पडला आणि वाचला. त्याच महिन्याच्या शेवटी घरच्यांनी आणि मित्रांनी समजावून त्याला कॅलिफोर्नियातल्या केंद्रात पाठवले. दोनच दिवसांत तो तिथून निघून गेला. ५ एप्रिल १९९४ रोजी सिएटलमधल्या घरी त्याने आयुष्य संपवले. तीन दिवसांनी ते जगाला कळले.

आरोप आणि तपास

त्याच्या मृत्यूनंतर दोष कुणाचा, हा शोध सुरू झाला. कोर्टनी लव्ह हिलाही लहानपणी रिटालिन दिले गेले होते. या औषधाने लहान वयात जी अनुभूती मिळते, तीच माणूस मोठेपणी शोधत राहतो, असे मत तिने मांडले. ते भावनिकदृष्ट्या समजण्यासारखे आहे. पती गमावलेल्या बाईला कारण हवे असते.

हाच संशय शास्त्रज्ञांनाही होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नदीन लॅम्बर्ट यांनी सुमारे पाचशे मुलांचा दीर्घ पाठपुरावा केला आणि १९९८ च्या सुमारास निष्कर्ष मांडला, की उत्तेजक औषधे घेतलेल्या मुलांत पुढे तंबाखू आणि कोकेनचे व्यसन जास्त दिसते. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. पण एक अडचण होती. औषध कोणत्या मुलांना दिले जाते? ज्यांचा त्रास जास्त असतो त्यांना. मग व्यसन वाढले ते औषधामुळे की मुळातल्या तीव्र त्रासामुळे? छत्री घेतलेले लोक जास्त भिजलेले दिसतात, म्हणून छत्रीने माणूस भिजतो असे म्हणता येत नाही.

रसेल बार्कली यांच्या गटाने १४७ मुलांचा सुमारे १३ वर्षे पाठपुरावा करून २००३ साली सांगितले, की औषधाने व्यसन वाढल्याचे दिसत नाही. २०१३ साली १५ अभ्यासांचे, अडीच हजारांहून अधिक व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण झाले. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत पुढच्या व्यसनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१४ साली स्वीडनमध्ये एडीएचडी असलेल्या ३८ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा औषध घेणाऱ्यांत तीन वर्षांनंतर व्यसनाशी संबंधित घटना ३१ टक्क्यांनी कमी दिसल्या. २०१७ साली अमेरिकेत सुमारे ३० लाख रुग्णांच्या विमा-नोंदी पाहिल्या गेल्या. यात प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच केली होती : औषध चालू असलेले महिने आणि बंद असलेले महिने. चालू असताना व्यसनामुळे रुग्णालयात यावे लागण्याची शक्यता पुरुषांत ३५ टक्के आणि स्त्रियांत ३१ टक्के कमी होती.

हे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले आहेत. त्यामुळे औषध व्यसनापासून नक्की वाचवते, असे छातीठोकपणे म्हणणे घाईचे होईल. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने व्यसनाचा धोका वाढतो, याला आधार सापडलेला नाही.

यामागचे शरीरशास्त्रही समजण्यासारखे आहे. नोरा व्होल्कोव्ह यांनी मेंदूच्या प्रतिमांतून दाखवले, की तोंडावाटे घेतलेले मिथाइलफेनिडेट मेंदूत तासाभराहून जास्त वेळाने कमाल पातळीला पोहोचते. शिरेतून घेतलेले कोकेन काही मिनिटांत पोहोचते. नशा येते ती डोपामिनच्या अचानक उसळीने. सावकाश चढणाऱ्या पातळीने ती येत नाही. म्हणूनच हीच गोळी चुरडून नाकाने ओढली किंवा टोचून घेतली, तर ती नशेचा पदार्थ होते. परीक्षेच्या रात्री जागण्यासाठी मित्राची गोळी मागून घेणे हाही दुरुपयोगच आहे. गोळ्या घरात मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात ठेवायच्या त्या याच कारणाने.

कावळा आणि फांदी

आता कर्टचे आयुष्य पुन्हा एकदा क्रमाने मांडून पाहू. सातव्या वर्षी तीन महिने एक औषध. नवव्या वर्षी मोडलेले घर. मग अनेक वर्षे या घरातून त्या घरात फिरणे. कुटुंबात आत्महत्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी गांजा. अठराव्या वर्षी सुटलेली शाळा आणि बेघरपणा. एकोणिसाव्या वर्षी हेरॉइनची ओळख. न शमणारी पोटदुखी. नीट उपचार न झालेला मनाचा आजार. चोविसाव्या वर्षी न पेलणारी कीर्ती. या सगळ्यातून नेमकी तीन महिन्यांची गोळी उचलून तिच्यावर खापर फोडणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडण्यासारखे आहे. एका माणसाच्या आयुष्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तो कोणत्याच बाजूने होत नाही. औषध आणखी काही वर्षे दिले असते तर तो वाचला असता, असेही म्हणता येत नाही.

एवढे मात्र नक्की म्हणता येते, की सातव्या वर्षी मोठ्यांच्या लक्षात आलेले दुखणे नंतर दृष्टिआड झाले. गोळी थांबली आणि तिच्याबरोबर चौकशीही थांबल्यासारखी झाली. एडीएचडीचा उपचार म्हणजे नुसती गोळी नव्हे. पालकांना वर्तनाचे प्रशिक्षण, शाळेशी संवाद, दिनक्रम, झोप, जोडीला असलेल्या नैराश्याचा किंवा अध्ययन-अक्षमतेचा शोध आणि किशोरवयात तंबाखू-दारूबद्दल न ओरडता केलेली नियमित विचारपूस, हे सगळे त्यात येते. लहान मुलांत तर सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणानेच करतात.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा मानसोपचार विभागात पुढची तपासणी होऊ शकते. औषध सुरू झाले असेल, तर भूक, झोप, वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद ठेवावी आणि त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावा. परस्पर बंद करू नये. उत्तेजक औषध नकोच असेल, तर अ‍ॅटोमोक्सेटीनसारखा वेगळ्या गटातला पर्यायही आहे. घरात कुणी व्यसनात अडकले असेल, तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, आणि जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

कर्ट कोबेनची गाणी तीस वर्षांनंतरही ऐकली जातात. त्याच्या आयुष्यातून गोळीची भीती घेण्यापेक्षा एक साधी गोष्ट घ्यावी : वर्गात न बसणाऱ्या मुलाचा हात सातव्या वर्षी धरला असेल, तर तो सतराव्या वर्षी सोडू नये.